'टेबल स्टेक्स' म्हणजे कमाल मर्यादा की किमान अट?

ऐरोलीचा_पाहुणा

आमची कंपनी रुग्णालयांना सॉफ्टवेअर पुरवते. परवाच्या मीटिंगमध्ये मी सांगत होतो की आपलं अ‍ॅप केसपेपरपासून डिस्चार्जच्या कागदापर्यंत सगळं मराठीत दाखवतं, तर विक्रीच्या वेळी हे पुढे करू. साहेब म्हणाले, "ते टेबल स्टेक्स आहे रे, पुढचं बोल." विषय तिथेच मिटला.

घरी येताना लोकलमध्ये शोधत बसलो. शब्द पोकरचा आहे हे कळलं. पण अर्थ दोन सापडले आणि दोघांची तोंडं दोन दिशांना. पत्त्यांत म्हणे, डाव सुरू होताना तुमच्यासमोर टेबलावर जेवढे पैसे असतील तेवढेच त्या डावात लावता येतात. म्हणजे ही झाली वरची मर्यादा. ऑफिसात मात्र 'हे नसेल तर बाजारात उभंच राहता येत नाही' अशा अर्थानं वापरतात. ही खालची. एकच शब्द छप्पर आणि जोतं दोन्ही कसा काय?

मला रमी आणि मेंढीकोट येतो, पोकरचं काही कळत नाही. इथे जाणकार आहेत म्हणून विचारतोय. आणि मराठीत याला काय म्हणावं तेही सुचवा.

मिसळ_बिनकांद्याची

साहेब 'टेबल स्टेक्स' म्हणाले याचा अर्थ यंदा त्या कामावर इन्क्रिमेंट नाही. धागा बंद करा 😀

इंजिनरूम_नेरूळ

जहाजावर हा खेळ भरपूर पाहिलाय आणि खेळलोयही. पैसे लावायला बंदी होती म्हणून आगपेटीच्या काड्यांवर खेळायचो. नीट सांगतो, कारण नेटवर हा नियम बहुतेक ठिकाणी अर्धाच लिहिलेला असतो.

सगळ्यात चालणारा प्रकार टेक्सस होल्डेम. प्रत्येकाला दोन झाकली पानं. मध्ये सगळ्यांसाठी पाच उघडी पानं, आधी तीन, मग एक, मग शेवटचं. प्रत्येक टप्प्यावर पैसे लावायची फेरी. आता 'टेबल स्टेक्स' म्हणजे डाव सुरू होताना तुमच्यापुढे चिप्सची (पैशांच्या जागी वापरायच्या चकत्यांची) जी चळत आहे ती आणि तेवढीच तुमची ताकद. पानं हातात आल्यावर पाकिटात हात घालायचा नाही, घड्याळ काढून ठेवायचं नाही, 'उद्या देतो, लिहून ठेव' म्हणायचं नाही. भर घालायची असेल तर दोन डावांच्या मध्ये.

हे अर्धं झालं. दुसरं अर्धं असं की समोरची चळत कमीही करायची नाही. जिंकलेल्यातले चार पैसे गुपचूप खिशात टाकले तर त्याला 'गोइंग साउथ' म्हणतात आणि त्यावरून भांडणं होतात. तू माझे घेतलेस ना, मग मला ते परत जिंकायची संधी दे, असा त्यामागचा न्याय. खेळ सोडून उठलात की सगळं तुमचं.

आणि तिसरी गोष्ट, जी मला सगळ्यात आवडते. कमी पैसेवाल्याला पैशाच्या जोरावर डावाबाहेर ढकलता येत नाही. समजा आमच्या चीफ कुकपुढे ५०० आहेत, सेकंड इंजिनीअरपुढे २०००, माझ्यापुढे २०००. कुकनं सगळे ५०० पुढे सारले. म्हणजे 'ऑल-इन'. आम्ही दोघांनीही ५००-५०० टाकले. मुख्य पॉट, म्हणजे मध्ये जमलेली रक्कम, झाला १५०० चा. आता सेकंडला चेव आला आणि त्यानं उरलेले १५०० लावले, मीही लावले. हे ३००० मुख्य पॉटमध्ये जात नाहीत. त्यांचा वेगळा 'साइड पॉट' होतो आणि तो फक्त आम्हा दोघांतला. शेवटी पानं उघडली, कुककडे तीन अठ्ठ्या निघाल्या तर तो १५०० नेणार. साइड पॉट आम्हा दोघांत ज्याची पानं भारी त्याचा. कुकचं जास्तीत जास्त नुकसान ५००, हाती येणारी जास्तीत जास्त रक्कम त्याच्या पैशांच्या तिप्पट. त्याला उरलेल्या १५०० साठी कुणाकडे हात पसरावा लागला नाही की पानं टाकून उठावंही लागलं नाही.

आणि माझ्यापुढे २००० ऐवजी २५०० असते तरी सेकंडविरुद्ध माझे २०००च कामाचे. वरचे ५०० त्या डावात नुसते शोभेला. दोघांत ज्याची चळत लहान, तिचा आकडा खरा.

नौपाड्याचे_नाना

इंजिनरूम, छान समजावलंत. हे वाचून आमच्या वाड्यातली दिवाळीची तीनपत्ती आठवली. तिथे नेमकं उलटं. ब्लाइंडवाल्यानं (पानं न बघता खेळणाऱ्यानं) चाल वाढवली की पानं बघितलेल्यानं दुप्पट द्यायची, चाल चढत जायची आणि ज्याचा खिसा खोल तो हातात काही नसताना दुसऱ्यांना पॅक करायला, म्हणजे पानं टाकून द्यायला लावायचा. एका वर्षी एकानं बायकोच्या भिशीचे पैसे आणायला माणूस पाठवला होता, डाव तोवर थांबवून! शेवटी आमच्या वडिलांनी नियम केला की पाटावर जेवढं मांडलंय तेवढ्यातच खेळायचं. त्यांना पोकर माहीत असण्याची शक्यता शून्य. अंथरूण पाहून पाय पसरायला सांगितलं, इतकंच.

पत्तेपिसू

काका, मग वेस्टर्न सिनेमात तो टोपीवाला शेताचे कागद टेबलावर आपटतो ते?

इंजिनरूम_नेरूळ

ते सिनेमात. टेबल स्टेक्स पाळणाऱ्या टेबलावर डीलर ते कागद हसून परत करेल. जुन्या काळी असे बेछूट डाव होतही असतील, पण कॅसिनोतला आजचा पोकर या नियमाशिवाय चालूच शकत नाही. लास वेगासला १९७० पासून 'वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर' भरते, तिच्या मुख्य स्पर्धेची प्रवेश फी १०,००० डॉलर. २००३ मध्ये ती जिंकली ख्रिस मनीमेकर नावाच्या अकाउंटंटनं (आडनाव खरंच तेच!). तो ऑनलाइन पात्रता फेरीतून आत आला होता. बक्षीस २५ लाख डॉलर. टेबलावर बसल्यावर सगळे फक्त समोरच्या चिप्सचे मालक. बाहेर कुणाचा बंगला आहे याला किंमत नाही.

चक्रपाणि_कळवा

हा नियम हस्तिनापुरात असता तर महाभारत सभापर्वातच आटोपलं असतं.

गंमत नाही करत, बघा. युधिष्ठिर रत्नं, रथ, हत्ती, दासदासी, राज्य हरतो. मग नकुल, सहदेव, अर्जुन, भीम आणि शेवटी स्वतःला. इथे डाव संपायला हवा, समोर काहीच उरलेलं नाही. तेव्हा शकुनी काय म्हणतो? तुझं धन अजून शिल्लक असताना तू स्वतःला हरलास हे वाईट केलंस, द्रौपदीला लाव. म्हणजे समोरचा भिडूच खिशात हात घालायला सांगतोय! आणि द्रौपदी सभेत नव्हतीच, ती अंतःपुरात होती. टेबलावर नसलेली गोष्ट लावली गेली, तीही डाव मांडल्यानंतर, तीही स्वतःला हरलेल्या माणसानं.

द्रौपदी प्रातिकामी या दूताकरवी सभेला जो प्रश्न विचारते तो याच मुद्द्यावर आहे. आधी कोणाला हरलास, स्वतःला की मला? जो स्वतःचाच मालक उरला नाही तो दुसऱ्याला पणाला लावू शकतो का? भीष्म धर्माची गती सूक्ष्म आहे म्हणून हात झटकतात. कौरवांतला एकटा विकर्ण सरळ सांगतो की हे लावणं वैध नव्हतं.

पुढच्या अनुद्यूतात, म्हणजे दुसऱ्यांदा खेळलेल्या द्यूतात, तर कहर. तिथे पणाला काय, तर बारा वर्षं वनवास आणि एक वर्ष अज्ञातवास. न आलेली तेरा वर्षं पणाला. निव्वळ उधारीवरचा डाव.

मिसळ_बिनकांद्याची

शकुनीला एचआरमध्ये घ्या.

अनघा_घणसोली

मी प्रॉडक्टमध्ये आहे, त्यामुळे साहेब लोकांची बाजू कोणीतरी मांडायला हवी म्हणून लिहिते 🙂

ऑफिसातला अर्थ काही आकाशातून पडलेला नाही. टेबल स्टेक्सच्या खेळात समोर काही मांडल्याशिवाय बसताच येत नाही आणि टेबलागणिक कमीत कमी किती घेऊन बसायचं हेही ठरलेलं असतं. धंद्याच्या भाषेनं त्या नियमाचं 'कमीत कमी' हे टोक उचललं आणि 'जास्तीत जास्त' हे टोक सोडून दिलं. मला तो उपयोगी वाटतो, कारण गिऱ्हाईक कशासाठी पैसे देतं आणि कशाच्या अभावी उठून जातं हे दोन वेगळे प्रश्न आहेत. उदाहरण ठाणे स्टेशनबाहेरचं. यूपीआय २०१६ मध्ये आलं. सुरुवातीला ज्याच्या गाडीवर क्यूआर कोड दिसायचा तिकडे लोक मुद्दाम वळायचे. आज वडापाववाला 'आमच्याकडे क्यूआर आहे' अशी पाटी लावेल का? नाही. पण नसेल तर अर्धी गिऱ्हाइकं पुढच्या गाडीवर. तो कोड कधीतरी हुकमाचं पान होता, आता टेबल स्टेक्स झाला.

नौपाड्याचे_नाना

बँकेत नेमकं हेच पाहिलं. संगणक आले तेव्हा 'कोणत्याही शाखेतून व्यवहार करा' असे फलक आम्ही दर्शनी भागात लावले होते, उद्घाटनाला पेढे वाटले होते. आज त्याची जाहिरात करणाऱ्या बँकेकडे लोक संशयानं बघतील.

पत्तेपिसू

पण अनघाताई, 'बसायला जे द्यावं लागतं' त्याला पोकरमध्ये वेगळा शब्द आहे ना? अँटी? 'अप द अँटी' म्हणतात त्यातला?

इंजिनरूम_नेरूळ

बरोब्बर. पानं वाटण्याआधी प्रत्येकानं जी ठरावीक रक्कम मध्ये टाकायची ती अँटी. होल्डेममध्ये बहुधा त्याऐवजी डीलरच्या डावीकडचे दोघं स्मॉल ब्लाइंड आणि बिग ब्लाइंड, म्हणजे एक लहान आणि एक मोठी सक्तीची रक्कम टाकतात. टेबलावर बसताना चिप्स विकत घ्यायच्या तो 'बाय-इन'. ऑफिसवाल्यांना जे म्हणायचंय त्याला हे दोन्ही शब्द जास्त नेमके होते. तरी 'टेबल स्टेक्स' चालला. बहुतेक 'स्टेक' म्हटलं की काहीतरी भारी पणाला लागल्यासारखं वाटतं म्हणून.

कोर्टनाका_वकील

'स्टेक' निघालाच आहे तर 'स्टेकहोल्डर'कडेही बघा. मुळात दोन पैजवाल्यांचे पैसे सांभाळणारा तिसरा, ज्याचा निकालात काडीचा संबंध नाही, तो स्टेकहोल्डर. इंग्रजी कायद्याच्या भाषेत हा अर्थ अजून जिवंत आहे. आज मीटिंगमधले सगळे 'स्टेकहोल्डर' नेमके उलटे, ज्यांचं काहीतरी अडकलंय ते.

टेबल स्टेक्सच्या मूळ नियमाला कायद्याचंही पाठबळ आहे, नकळत. भारतीय करार कायदा १८७२, कलम ३०. पैजेचा करार शून्यवत, पैजेत जिंकलेली रक्कम मिळावी म्हणून दावा चालत नाही. (घोड्यांच्या शर्यतीतल्या ५०० रुपये किंवा त्याहून मोठ्या बक्षिसाच्या वर्गणीला तेवढी सूट आहे. १८७२ च्या साहेबाला घोडे प्रिय होते.) आपल्याकडे तर मुंबई इलाख्याचा १८६५ चा कायदा त्याहून कडक, पैजेला पूरक असे इतर करारही रद्द. म्हणजे 'उद्या देतो' म्हणणाऱ्याचे पैसे कोर्टातून निघत नाहीत. जो पैसा नजरेसमोर आहे तेवढाच खरा.

डावखुरा_२४

हे सगळं ठीक आहे पण शिकायचं असेल तर कुठलं अ‍ॅप चांगलं? मला एक लिंक मिळालीय, बोनस पण देतायत
[लिंक काढून टाकली आहे.]

धागा_व्यवस्थापक

पैसे लावायच्या अ‍ॅपच्या लिंका इथे चालत नाहीत. पुन्हा टाकल्यास खातं गोठवलं जाईल. चर्चा शब्दावर राहू द्या.

कोर्टनाका_वकील

डावखुरा, ऑनलाइन गेमिंगचा नवा केंद्रीय कायदा वाचा. राष्ट्रपतींची सही २२ ऑगस्ट २०२५ ला झाली. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ त्यात सरसकट बंद, मग ते कौशल्याचे असोत की नशिबाचे. हा मोठा बदल आहे. कारण १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रमी हा प्रामुख्यानं कौशल्याचा खेळ आहे असं म्हटल्यापासून सगळे 'कौशल्य' याच दाराची चावी घेऊन फिरत होते. मोठ्या कंपन्यांनी तेव्हाच पैशांचे डाव थांबवले. त्यानंतरही कुणी बोनस देतंय म्हणजे ते कुठून चालतं याचा विचार करा. शिवाय महाराष्ट्राचा १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आहेच. शिकायचं तर काड्यांवर शिका, इंजिनरूमसारखं.

निविदा_दादा

धागा वाचून राहवलं नाही. मी ठाण्यात सरकारी कामांची कंत्राटं घेतो, गटारं, रस्ते, शाळांच्या भिंती. आमच्याकडे हे दोन्ही अर्थ एकाच निविदेत नांदतात.

दोन लखोटे असतात. (आता सगळं ऑनलाइन, महाटेंडर्स या सरकारी संकेतस्थळावर भरतो, तरी तोंडात लखोटाच.) पहिल्यात नोंदणी प्रमाणपत्र, जीएसटी, पूर्वी केलेल्या कामांचे दाखले, यंत्रसामग्रीची यादी, बयाणा रक्कम. हे पुरं पडलं तरच दुसरा लखोटा, दराचा, उघडतात. पहिला लखोटा कितीही झकास असला तरी त्यानं काम मिळत नाही. पण त्यात एक कागद कमी पडला तर दर कितीही कमी भरा, बाद. ते अनघाताईंचं टेबल स्टेक्स.

आणि त्याच पहिल्या लखोट्यात 'निविदा क्षमता' नावाचा एक हिशोब असतो. गेल्या पाच वर्षांतली सगळ्यात मोठी वार्षिक उलाढाल, गुणिले कामाची मुदत वर्षांत, गुणिले साधारण दोन, त्यातून हातात असलेली कामं वजा. जो आकडा येईल त्याहून मोठ्या कामाला हात घालायचा नाही. समजा उलाढाल ३ कोटी, काम एक वर्षाचं, हातात ४ कोटींची कामं. ३ गुणिले १ गुणिले २ म्हणजे ६, वजा ४, उरले २. तर ५ कोटींच्या कामाला मी बसूच शकत नाही, माझ्या सासऱ्यांची शेती कितीही असो. हे इंजिनरूम साहेबांचं टेबल स्टेक्स. समोर जेवढी चळत, तेवढाच डाव.

ही अट नव्हती किंवा नीट तपासत नव्हते तेव्हा काय व्हायचं ते ठाणेकरांनी अर्धवट पुलांच्या रूपानं पाहिलंय.

इंजिनरूम_नेरूळ

निविदा_दादा, __/\__. तुमच्या 'हातातली कामं वजा'ला आमच्याकडे तोड नाही. पोकरमध्ये माणूस एका वेळी एकाच टेबलावर बसतो असं धरलेलं असतं.

घोडबंदरची_राधा

सध्या घर शोधतेय, त्यामुळे हा धागा फारच कामाचा. प्रत्येक साइट ऑफिसात पहिलं वाक्य हेच, "मॅडम, आपला प्रोजेक्ट महारेरा रजिस्टर्ड आहे." सुरुवातीला मला हायसं वाटायचं. मग वाचलं. ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त जमीन आणि आठपेक्षा जास्त सदनिका असल्या की नोंदणी कायद्यानं बंधनकारकच, २०१७ पासून. नोंदणी नसताना जाहिरात करणंच गुन्हा. १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोडही छापावा लागतो. म्हणजे बिल्डर मला 'आम्ही कायदा मोडत नाही' हे वैशिष्ट्य म्हणून विकतोय!

आता मी त्याच क्यूआरवर मोबाइल धरते आणि ताबा कधी देणार म्हणून नोंदवलंय, ती तारीख किती वेळा पुढे ढकलली, किती सदनिका विकल्याचं दाखवलंय, खटले किती, ते तिथेच उभी राहून वाचते. सेल्सवाल्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. पोकर फेस कुठला.

अनघा_घणसोली

राधा 😂 पण मुद्दा पक्का. किमान अटीला जमेची बाजू म्हणून विकणं हा टेबल स्टेक्सचा गैरवापर नंबर एक.

ऐरोलीचा_पाहुणा

आणि खऱ्या जमेच्या बाजूला किमान अट म्हणून मोडीत काढणं हा नंबर दोन? माझं दुखणं तेच आहे. मराठी पानं बनवायला आमच्या चमूनं जीव काढला. औषधाच्या सूचना नर्सना आणि नातेवाइकांना समजतील अशा लिहायच्या म्हणून पनवेलकडच्या दवाखान्यांत जाऊन बसलो होतो.

अनघा_घणसोली

कष्ट किती पडले यावर ते ठरत नाही हो, हे कडू आहे पण खरं आहे. बँकेच्या तिजोरीलाही पुष्कळ कष्ट लागतात. तुम्ही दोन गोष्टी तपासा. तुमच्या स्पर्धकांपैकी किती जण खरोखर पूर्ण मराठी देतात? नुसता मेनू मराठी आणि आत सगळं इंग्रजी, ते मोजू नका. आणि गेल्या काही विक्रींत मराठी नसल्यामुळे कोणाला दारातूनच परत पाठवलं होतं का? सगळे देत असतील आणि न देणाऱ्याला बसूच देत नसतील, तर साहेब बरोबर. तुम्ही आणि आणखी एखादाच देत असेल, तर ते टेबल स्टेक्स नाही, तुमच्या हातातलं पान आहे आणि साहेब ते न बघताच पॅक करतायत.

शिवाय टेबल कोणतं हेही बघा. मुंबईतल्या पंचतारांकित रुग्णालयाच्या टेबलावर मराठीला कदाचित काहीच भाव नसेल. जिल्हा रुग्णालयाच्या टेबलावर ती अट असेल. मधल्या शंभर खाटांच्या खासगी दवाखान्यात ती जिंकून देईल. तिन्ही एकाच स्लाइडवर टाकून 'टेबल स्टेक्स' म्हणणं हे कुठल्या टेबलाबद्दल बोलतोय ते न सांगता बोलणं झालं.

पत्तेपिसू

आता मराठी शब्दाचं काय? 'किमान अट' सपक वाटतं. 'पात्रता' शाळेतलं.

चक्रपाणि_कळवा

मूळ अर्थासाठी 'मांडला पण'. मांडलंय तेवढंच पणाला.

मिसळ_बिनकांद्याची

'मांडला पण' काय? पुढे काय झालं? 😀

नौपाड्याचे_नाना

ऑफिसातल्या अर्थासाठी शब्द तीनपत्तीतच पडलाय की. बूट! पानं मिळायच्या आधी प्रत्येकानं टाकायचा तो बूट. तो टाकला म्हणून कोणी जिंकत नाही आणि टाकल्याशिवाय पानं मिळत नाहीत. "महारेरा हा बूट झाला, चाल काय आहे ते सांगा." कुठल्याही मराठी माणसाला लगेच कळेल.

घोडबंदरची_राधा

नाना 🙏 उद्याच्या साइट व्हिजिटला हेच वापरणार.

अनघा_घणसोली

आमच्या प्रेझेंटेशनमध्ये 'बूट' लिहिलं तर लोक लॅपटॉप रीस्टार्ट करतील. पण तोंडी चालवून बघते.

निविदा_दादा

आमच्यात 'पहिला लखोटा' म्हणतात. "ते पहिल्या लखोट्यातलं आहे, दर बोला."

ऐरोलीचा_पाहुणा

'पहिला लखोटा' घेतला. साहेबांचे वडील पीडब्ल्यूडीत होते, त्यांना पोचेल. स्पर्धकांची यादी करायला बसलोय. आतापर्यंत सहांपैकी दोघांकडे पूर्ण मराठी दिसतंय, त्यातल्या एकाचं औषधाच्या पानावर 'गोळी' ऐवजी 'बुलेट' असं भाषांतर आहे.

मिसळ_बिनकांद्याची

रोज दोन बुलेट जेवणानंतर.

चक्रपाणि_कळवा

इंजिनरूम, एक शंका मागची. तुमच्या उदाहरणात साइड पॉटमध्ये तुमची आणि सेकंडची पानं सारखीच निघाली तर ३००० चे निम्मे निम्मे, समजलं. पण रक्कम विषम असेल आणि सगळ्यात लहान चिप एक उरली तर? नाणेफेक?

इंजिनरूम_नेरूळ

नाणेफेक नाही. होल्डेममध्ये डीलरचं बटण असतं, डीलरची जागा दाखवणारं आणि दर डावाला एक जागा सरकणारं. त्या बटणाच्या डावीकडून मोजत, पॉट वाटून घेणाऱ्यांपैकी जो आधी येईल त्याला ती जास्तीची चिप. सेव्हन कार्ड स्टड या पोकरच्या दुसऱ्या प्रकारात बटण नसतं, म्हणून तिथे ज्याच्याकडे सगळ्यात मोठं पान त्याला, आणि पानं सारखीच मोठी असली तर रंगावरून, क्रम इस्पिक, बदाम, चौकट, किलवर. एरवी पोकरमध्ये रंगाला उच्चनीच नसतो, फक्त अशा बारीकसारीक कामापुरता. आणि मुख्य पॉट आणि साइड पॉट यांची वाटणी वेगवेगळी होते. दोन्हींत एकेक चिप उरली तरी ती एकत्र करून अर्धी अर्धी करायची नाही. प्रत्येकीचा निकाल स्वतंत्र.